हॅच बसत का नाही? ऑटोकॅडमध्ये नव्याने हॅच भरणाऱ्यांसाठी

आयटीआयमधून ड्राफ्ट्समन सिव्हिलचा दोन वर्षांचा ट्रेड करून मी नोकरीला लागले, तेव्हा लाइन, ऑफसेट, ट्रिम या कमांड हातात चांगल्या बसल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात एका बंगल्याच्या पायाचा सेक्शन, म्हणजे कापून आतलं दाखवणारं चित्र, माझ्याकडे आला. यात मटेरियल भरून दे, एवढंच सांगितलं होतं. काँक्रीटच्या चौकटीत क्लिक केलं की दर वेळी तोच निरोप यायचा: बंद बाउंड्री सापडत नाही. अख्खी दुपार त्यात गेली. संध्याकाळी ऑफिसातले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, शेजारी येऊन बसले. हॅचच्या कमांडला त्यांनी हातही लावला नाही. माउसचं चाक फिरवत ते फूटिंगच्या (पायाच्या तळाच्या काँक्रीटच्या) डाव्या कोपऱ्यात शिरले आणि शिरतच राहिले. लांबून टेकलेल्या दिसणाऱ्या दोन रेषांमध्ये फट होती. मोजली तर २ मिलिमीटर. "हॅच बरोबरच आहे पोरी, रेषा बघ," ते म्हणाले.

तेव्हापासून नवीन मुलांना मी हॅच शिकवते ती रेषांपासून सुरू करून. हॅच म्हणजे बंद आकारात भरलेली नक्षी. सेक्शनमध्ये मात्र ती मटेरियलची भाषा असते: इथे काँक्रीट, इथे वीटकाम, इथे मुरूम. साइटवरचा माणूस प्रत्येक टीप वाचेलच असं नाही, पण नक्षी त्याच्या नजरेला पटकन कळते. चुकीचं हॅच हे चुकीच्या मापाइतकंच महागात पडू शकतं.

एक गोष्ट आधीच सांगते. कमांडची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. स्क्रीनवर ती रोमन अक्षरांत आणि सलग टाइप करायची. मध्ये जागा सोडू नका, कारण ऑटोकॅडमध्ये स्पेसबार दाबणं म्हणजे एंटर दाबणंच आहे.

हाताशी काय हवं

- ऑटोकॅड किंवा ऑटोकॅड एलटी. पात्र विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क शैक्षणिक परवाना एका वर्षासाठी मोफत देते आणि पात्रता असेपर्यंत तो दर वर्षी वाढवून मिळतो.
- ज्यात मटेरियल भरायचं ते ड्रॉइंग, खऱ्या मापात काढलेलं.
- शीट कोणत्या स्केलला छापणार, याचं उत्तर. ते माहीत नसेल तर वरिष्ठांना विचारून मगच सुरू करा.
- ऑफिसचा मटेरियलचा तक्ता. तो नसेल तर इमारतींच्या नकाशांसाठीचं भारतीय मानक आयएस ९६२, आणि मेकॅनिकलवाल्यांनी भारतीय मानक ब्युरोचं एसपी ४६ बघावं.

१. युनिट तपासा

ऑटोकॅडकडे नक्ष्यांच्या दोन फाइली असतात. एक फूट-इंचांसाठी आणि एक मेट्रिकसाठी. ड्रॉइंग कोणती फाइल वापरणार हे 'मेझरमेंट' या व्हेरिएबलवर (ऑटोकॅडच्या आतल्या सेटिंगवर) ठरतं. ० असेल तर इंचांची, १ असेल तर मेट्रिकची. नवीन ड्रॉइंग इंचांच्या टेम्प्लेटवर उघडून त्यात मिलिमीटरमध्ये काम केलं, तर प्रत्येक नक्षी २५.४ पट बारीक पडते आणि सगळी जागा नुसती रंगाने भरल्यासारखी दिसते. 'मेझरमेंट' टाइप करा आणि मिलिमीटरच्या कामासाठी १ द्या. आधी भरलेल्या हॅचवर याचा परिणाम होत नाही, त्यामुळे हे काम सुरुवातीलाच उरका.

२. हॅचला स्वतःचा लेयर द्या

भिंतींच्या लेयरवर हॅच भरू नका. वेगळा लेयर करा, रंग करडा ठेवा (८ किंवा ९ नंबर), आणि रेषेची जाडी भिंतीच्या रेषेपेक्षा बरीच कमी ठेवा. हॅचने मागे राहायचं असतं. 'एचपी-लेयर' (मधलं चिन्ह न लिहिता) या व्हेरिएबलमध्ये लेयरचं नाव एकदा दिलं की चालू लेयर कोणताही असला तरी हॅच आपोआप त्याच लेयरवर जातं. २०११ च्या आवृत्तीपासून ही सोय आहे.

डेफपॉइंट्स नावाच्या लेयरपासून लांब राहा. त्यावरचं सगळं स्क्रीनवर दिसतं आणि कागदावर मात्र छापलं जात नाही.

३. बाउंड्री बंद करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नवशिक्यांच्या दहापैकी आठ-नऊ तक्रारी माझ्या पाहण्यात इथेच मिटतात.

तुम्ही आत क्लिक करता तेव्हा ऑटोकॅड त्या बिंदूभोवती स्क्रीनवर दिसणाऱ्या रेषा धरून एक बंद वेटोळं शोधतं. वेटोळं कुठे तुटलं असेल तर नव्या आवृत्त्यांमध्ये सुट्या टोकांवर लाल वर्तुळं दिसतात. ती खूण म्हणून वापरा: तिथे झूम करून रेषा जुळवा. 'रीजेन' दिलं की वर्तुळं जातात. वर्तुळं दिसलीच नाहीत, तर प्रत्येक कोपऱ्यात स्वतः शिरून बघा, काका शिरले तसं.

कोपरा जुळवायचा सोपा उपाय म्हणजे फिलेट. 'एफ' देऊन एंटर करा, मग पहिल्या रेषेवर क्लिक करा आणि शिफ्ट दाबून धरून दुसऱ्या रेषेवर क्लिक करा. रेडियस काहीही असला तरी शिफ्टमुळे कोपरा टोकदार जुळतो. रेषा पुढे गेलेल्या असतील तर कापल्या जातात, कमी पडत असतील तर वाढतात.

कोपरे खूप असतील तर 'पीई' कमांड घ्या. त्यात मल्टिपल निवडा, सगळ्या रेषा सिलेक्ट करा आणि जॉइन द्या. फझ डिस्टन्स विचारेल तिथे ५ दिलं तर ५ मिलिमीटरपर्यंतच्या फटी बुजवून एक पॉलिलाइन (जोडलेल्या रेषांची एकच वस्तू) तयार होते. नंतर कंट्रोल आणि १ दाबून प्रॉपर्टीज उघडा. 'क्लोज्ड' समोर 'येस' दिसलं म्हणजे काम झालं.

'एचपी-गॅपटॉल' हे आणखी एक व्हेरिएबल आहे. त्याची मूळ किंमत ० असते. तिथे ५ दिलं की तेवढी फट असूनही ऑटोकॅड आकार बंद धरतं. घाईत याचा मोह होतो, पण मी ते कायमचं चालू ठेवू देत नाही. फट रेषांमध्ये तशीच राहते आणि पुढे क्षेत्रफळ काढताना किंवा ऑफसेट घेताना तीच आडवी येते.

फट नाही, तरी हॅच बसत नाही? मग या तीन जागा बघा.

पहिली, उंची. दुसऱ्याकडून आलेल्या ड्रॉइंगमध्ये काही रेषांचं झेड शून्य नसतं. वरून बघताना त्या टेकलेल्या दिसतात, प्रत्यक्षात एक रेषा दुसरीच्या वर तरंगत असते. प्रॉपर्टीजमध्ये स्टार्ट झेड आणि एंड झेड शून्य करा.

दुसरी, मधून जाणाऱ्या रेषा. सेंटर लाइन, डायमेन्शन, फर्निचर हे सगळं दिसत असेल तर ऑटोकॅड त्यांनाही बाउंड्री समजतं. खोलीत क्लिक केल्यावर अर्धीच खोली भरते ती यामुळे. ते लेयर फ्रीझ करा किंवा 'ले-आयसो' कमांडने (तिच्या सेटिंग्जमध्ये 'ऑफ' निवडून) फक्त भिंतींचा लेयर उघडा ठेवा. काम झाल्यावर 'ले-अनआयसो'.

तिसरी, ओरिजिनपासूनचं अंतर. सर्व्हेअरकडून आलेल्या प्लॉटच्या ड्रॉइंगमध्ये कोऑर्डिनेट्स लाखांत असतात. हॅचची नक्षी शून्य-शून्य बिंदूपासून मोजली जाते, त्यामुळे इतक्या लांब ती वेडीवाकडी दिसते किंवा बसतच नाही. हॅचचं ओरिजिन प्लॉटच्याच एखाद्या कोपऱ्यावर आणा. प्लॉट उचलून शून्यावर आणू नका, सर्व्हेचे आकडे बिघडतील.

४. एच, एंटर, आत क्लिक

आता खरी कमांड. 'एच' देऊन एंटर करा. वर रिबनमध्ये हॅच क्रिएशनची पट्टी उघडते. जुना डायलॉग बॉक्स हवा असेल तर 'टी' देऊन एंटर. नक्षी निवडा, पिक पॉइंट्सने चौकटीच्या आत क्लिक करा, भरलेलं दिसलं की एंटर.

आकार आधीच बंद पॉलिलाइन किंवा वर्तुळ असेल तर आत क्लिक करण्याऐवजी 'एस' देऊन तो आकारच निवडा. किचकट ड्रॉइंगमध्ये हे जास्त भरवशाचं आणि लवकर होतं.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. असोसिएटिव्ह चालू ठेवा, म्हणजे भिंत ताणली की हॅचही सोबत ताणलं जातं. बाउंड्रीची एखादी रेषा पुसली की हे नातं तुटतं आणि कमांड लाइनवर तसा निरोप येतो. तो दिसला तर अनडू करा. दुसरं, एकाच कमांडमध्ये दहा खोल्यांत क्लिक केलं तर दहाही हॅच मिळून एकच वस्तू होते. एक पुसायला गेलात की सगळी जातात. 'एचपी-सेपरेट' १ ठेवा, प्रत्येक खोलीचं हॅच सुटं राहतं.

५. कोणत्या मटेरियलला कोणती नक्षी

आमच्या ऑफिसात पायाच्या सेक्शनला खालून वर असं भरतो. दाबलेल्या मुरुमाला आणि जमिनीला 'अर्थ'. रबल सोलिंगला (दगडांच्या थराला) 'ग्रॅव्हल'. पीसीसी (साधं काँक्रीट) आणि आरसीसी (सळ्यांचं काँक्रीट) दोन्हींना 'एआर-काँक', पण आरसीसीत सळ्या काढलेल्या असतात त्यामुळे फरक कळतो. वीटकामाला ४५ अंशांच्या तिरप्या रेषांची 'एएनएसआय ३१'. वाळू आणि प्लास्टरला 'एआर-सँड'. ऑफिसचा तक्ता वेगळा असेल तर तोच पाळा, आणि शीटच्या कोपऱ्यात लेजंड (कोणती नक्षी कशाची, त्याची यादी) द्यायला विसरू नका.

वीटकामाच्या बाबतीत एक गफलत नेहमी होते. 'एआर-बीआरएसटीडी' ही विटांच्या थरांची नक्षी आहे, ती एलिव्हेशनसाठी, म्हणजे समोरून दिसणाऱ्या बाजूच्या चित्रासाठी. भिंत कापलेली दाखवायची तिथे तिरप्या रेषाच हव्यात.

मंजुरीच्या नकाशात हॅचला कायद्याचा अर्थ येतो. राष्ट्रीय इमारत संहितेतल्या रंगांच्या तक्त्यात पाडायचं बांधकाम पिवळ्या तिरप्या रेषांनी आणि प्रस्तावित काम लाल रंग भरून दाखवायला सांगितलं आहे. तुमच्या महापालिकेला किंवा नगरपरिषदेला लागू असलेल्या नियमावलीतला तक्ता उघडून समोर ठेवा आणि मगच रंग द्या. आठवणीवर जाऊ नका.

मेकॅनिकलच्या मुलांसाठी एवढंच: असेंब्लीच्या सेक्शनमध्ये लागून असलेल्या दोन भागांच्या रेषा उलट दिशेने किंवा वेगळ्या अंतरावर ठेवा, आणि एकच भाग दोन ठिकाणी कापलेला दिसत असेल तर दोन्हीकडे रेषा सारख्याच ठेवा. बोल्ट, शाफ्ट, रिब लांबीतून कापले गेले तरी त्यांना हॅच नसतं.

६. हॅचच्या स्केलचं गणित

स्केल अंदाजाने ठोकत बसू नका. मेट्रिक फाइलमध्ये 'एएनएसआय ३१' च्या दोन रेषांमधलं अंतर ३.१७५ मिलिमीटर असतं, म्हणजे एक अष्टमांश इंच. शीट १:२० ला छापायची असेल तर हॅचचं स्केल २० द्या. मॉडेलमध्ये अंतर ६३.५ होईल आणि कागदावर पुन्हा ३.१७५. २३० ची भिंत १:२० ला कागदावर साडेअकरा मिलिमीटर असते, त्यात हे छान दिसतं.

हाच नियम १:१०० च्या प्लॅनवर लावला तर फसतो. तिथे तीच भिंत कागदावर जेमतेम २.३ मिलिमीटरची. हॅचचं स्केल १०० दिलं तर भिंतीच्या जाडीपेक्षा रेषांमधलं अंतर जास्त. अशा वेळी ३५ च्या आसपास ठेवा, कागदावर रेषा सुमारे १.१ मिलिमीटरवर येतात. फूट-इंचांत काम करणाऱ्यांसाठी: पाव इंच म्हणजे एक फूट या स्केलला ४८ आणि एक अष्टमांश इंचाला ९६ पासून सुरुवात करा, मग भिंतीच्या जाडीनुसार कमी करा.

'एआर' ने सुरू होणाऱ्या नक्ष्यांचा हिशेब निराळा आहे. त्या वस्तूच्या खऱ्या मापात बनवलेल्या आहेत. मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये 'एआर-काँक' ला १ पासून सुरू करा. त्याला ५० दिलंत तर अख्ख्या फूटिंगमध्ये एखाद-दुसरा खडा दिसेल किंवा काहीच दिसणार नाही, आणि तुम्हाला वाटेल हॅच बसलंच नाही.

उलट, स्केल फारच लहान झालं तर नक्षी खूप दाट असल्याचा इशारा येतो. तो बंद करायचा मार्ग शोधू नका, स्केल दहापट वाढवून बघा.

७. आतली बेटं

खोलीच्या आत कॉलम असेल तर त्यात हॅच जाऊ नये, यासाठी आयलंड डिटेक्शन असतं. 'आउटर' ठेवा, बहुतेक कामांना तेच पुरतं. अक्षरंही बेट धरली जातात, म्हणून खोलीचं नाव आधी लिहून मग हॅच भरलं तर नावाभोवती स्वच्छ जागा आपोआप सुटते. हॅच रेषांवर चढलं असेल तर 'हॅच-टू-बॅक' ही कमांड सगळी हॅच एकदम मागे पाठवते.

८. टाइल्स: इथे ओरिजिन कळतं

फ्लोअरिंगसाठी तयार नक्षी घेऊ नका. नक्षीच्या प्रकारात 'युजर डिफाइन्ड' निवडा, कोन ०, अंतर ६०० आणि 'डबल' चालू करा. ६०० बाय ६०० ची जाळी मिळते.

पण ही जाळी सुरू होते ड्रॉइंगच्या शून्य बिंदूपासून, खोलीच्या कोपऱ्यापासून नव्हे. त्यामुळे चारही भिंतींना तुकडे दिसतात. 'सेट ओरिजिन' घेऊन खोलीच्या आतल्या कोपऱ्यावर क्लिक करा.

समजा खोली ३००० बाय ३६५० आहे. ३००० च्या बाजूला पाच अख्ख्या टाइल्स बरोबर बसतात. ३६५० च्या बाजूला सहा टाइल्सचे ३६०० झाले आणि राहिली ५० मिलिमीटरची पट्टी. ती पट्टी कापताना फुटते, आणि बसवली तरी दारातून आत येणाऱ्याच्या डोळ्यात खुपते. इथे ओरिजिन ३२५ ने आत सरकवा. आता मध्ये पाच अख्ख्या टाइल्स, म्हणजे ३०००, आणि दोन्ही भिंतींना ३२५ चे सारखे तुकडे. साइटवर कारागिराला हाच नकाशा हातात दिला की तो पहिली ओळ कुठून धरायची हे विचारायला येत नाही. टाइल्समधल्या सांध्याची जाडी या हिशेबात धरलेली नाही. स्पेसर वापरणार असाल तर अंतरात ती मिळवा.

९. हॅचवरून क्षेत्रफळ

हॅच निवडून प्रॉपर्टीज उघडा. खाली एरिया दिसतो, आणि अनेक हॅच निवडली असतील तर त्यांची बेरीजही. मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये आकडा चौरस मिलिमीटरमध्ये असतो, त्याला १० लाखांनी भागलं की चौरस मीटर. वरच्या खोलीचे १०.९५ चौरस मीटर येतात. एस्टिमेट करणाऱ्यांना ही सोय फार उपयोगी पडते. यासाठीच हॅच कधी एक्सप्लोड करू नका. केलंत तर त्याच्या शेकडो सुट्या रेषा होतात, क्षेत्रफळ जातं आणि फाइल फुगते. बाउंड्री हरवली असेल तर 'हॅच-एडिट' मधून ती पुन्हा तयार करता येते.

१०. प्रिंटला देण्याआधी

सगळी हॅच अचानक गायब झाली असतील तर घाबरू नका. 'फिलमोड' ० झालेला असतो. १ करा आणि 'रीजेन' द्या. हॅचला ट्रान्सपरन्सी दिली असेल तर प्लॉटच्या खिडकीत 'प्लॉट ट्रान्सपरन्सी' वर टिचकी मारल्याशिवाय ती कागदावर येत नाही, रंग गडद छापला जातो आणि खालची अक्षरं झाकली जातात.

लांबलचक रिटेनिंग वॉलमध्ये 'एआर-काँक' पूर्ण भरू नका, पीडीएफ जड होते आणि उघडायला वेळ लागतो. दोन्ही टोकांना आणि मध्ये थोडंसं भरलं तरी वाचणाऱ्याला कळतं.

मोठी शीट काढण्याआधी सेक्शनचा एक तुकडा खऱ्या स्केलला ए४ वर छापा आणि हातभर अंतरावरून बघा. रेषा एकमेकींत मिसळत असतील तर स्केल वाढवा, हॅच आधी दिसून भिंत नंतर दिसत असेल तर जाडी कमी करा.

आणि बाहेरून उतरवलेली एखादी नक्षी वापरली असेल तर ड्रॉइंगसोबत तिची पॅट फाइलही पाठवा. समोरच्याकडे भरलेलं हॅच दिसतं, कारण नक्षीची माहिती ड्रॉइंगमध्येच साठवलेली असते. पण त्याला तीच नक्षी दुसऱ्या खोलीत नव्याने भरायची असेल, तर फाइलशिवाय ती यादीत सापडणार नाही.